व्हेल्माची रेघ

व्हेल्मा टॅटनेलला राग आला की ती ओरडत नाही. ओरडणारी बाई परवडली. व्हेल्मा वेळ सांगते. "क्लाइव्ह, दहा वाजून चार मिनिटं झालीत," असं ती शांतपणे म्हणाली की दहा वाजून पाच मिनिटांनी कोणाची तरी धडगत नसते. क्लाइव्ह म्हणजे मी. गॅनेट हेडच्या क्रिकेट क्लबाचा बार मी चाळीस वर्षं सांभाळला. त्यामुळे गावातल्या प्रत्येकाचं दोन बिअरनंतरचं मत मला पाठ आहे, आणि ते पुढे पोचवायचा मी कधी कंटाळा केलेला नाही.

व्हेल्माने एकतीस वर्षं गावाच्या काँक्रीट प्लँटवर ट्रक सोडायचं काम केलं. पत्र्याची केबिन, एक रेडिओ आणि भिंतीवर दोन घड्याळं. दोन कशाला, असं विचारलं तर म्हणायची, "एक खोटं बोललं तर दुसरं चहाडी करेल." माल ट्रकच्या ड्रममध्ये पडला की त्याचं आयुष्य दीड तास. तेवढ्यात ओतला नाही तर त्याचा दगड व्हायला लागतो, मग तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून सहा-सहा फुटी ड्रायव्हर या पाच फुटी बाईला टरकून असत. एकदा रस नावाचा गडी भरल्या ट्रकसकट बेकरीपाशी सॉसेज रोल खायला थांबला. सगळ्या ट्रकांना ऐकू जाईल असा तिचा आवाज रेडिओवर आला, "रस, तुझं तोंडही फिरतंय आणि ड्रमही फिरतोय. आधी ड्रम रिकामा कर." एकतीस वर्षांत तिचा एक ट्रक उशिरा पोचला नाही. एकही नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण याच वाक्यावरून झालं.

नवरा डेन्झिल केस कापणाऱ्या एका बाईबरोबर बोटीने मेलबर्नला पळून गेला, तेव्हा अख्खा क्लब व्हेल्माचं सांत्वन करायला टपून बसला होता. ती आली, बिअरमध्ये लेमोनेड घालून घेतलं आणि म्हणाली, "बोट चाळीस मिनिटं उशिरा सुटली म्हणे." 

तिची आणखी एक रीत होती. ट्रकात उरलेला माल ती वाया घालवायची नाही. ज्याला हवा त्याच्या अंगणात टाकून द्यायची. गावातल्या निम्म्या घरांमागचे सॉसेज भाजायचे चौथरे, कुत्र्यांच्या घरांच्या फरश्या, कपडे वाळत घालायच्या खांबांचे पाये असे फुकट झालेत. आपल्या डगडगत्या गाडीतून ती ट्रकामागे जायची आणि ओल्या मालावर खिळ्याने खरडायची: ट्रकचा नंबर, भरला किती वाजता, टाकला किती वाजता. नाव नाही, तारीख नाही, बदाम-बाण तर नाहीच. आमच्या क्लबामागे बसायचा जो लांबलचक कट्टा आहे, तोही असाच एका फेब्रुवारीत झाला.

त्या फेब्रुवारीला आता बारा वर्षं होतील. कागदाची गिरणी बंद पडून गाव सुतकात होतं, आणि सरकारने ठरवलं की आम्हाला नोकऱ्यांऐवजी कला द्यायची. टेकाडाच्या टोकाला आधुनिक कलेचं संग्रहालय. खरं सांगायचं तर इमारत देखणी आहे. काँक्रीटची भलीमोठी रिबीन कोणीतरी समुद्राकडे भिरकावली आणि ती पडता पडता तिथेच थांबली, असं लांबून वाटतं. आत शिरलात की ती रिबीन म्हणजे पन्नास मीटर लांबीची एक वळणदार भिंत. सबंध भिंत एका दिवसात, न थांबता ओतायची, कुठे जोड दिसता कामा नये, ही मेलबर्नहून आलेल्या आर्किटेक्टची अट. माणूस नावाजलेला होता. त्याचं नाव मी घेणार नाही. त्याने आमच्यातल्या कोणाचं घेतलं नव्हतं.

भिंतीचा दिवस उजाडला तेव्हा निम्मं गाव कुंपणाला लटकून बघत होतं. साडेनऊपर्यंत भिंत छातीइतकी वर आली. पुढचे तीन ट्रक फाटकावर हजर, वेळेवर. आणि आर्किटेक्टने हात वर केला. कॅमेरावाले आले होते. अर्धवट भिंतीपुढे उभा राहून हा कलेबद्दल बोलणार, आणि ट्रकांच्या ड्रमांची घरघर मागे ऐकू येत होती, म्हणून ट्रक बाहेर! पंधरा मिनिटांचं बोलणं दोन तास चाललं. ढग आला, थांबले. वाऱ्याने केस उडाले, पुन्हा पहिल्यापासून. व्हेल्मा स्वतः फाटकावर येऊन, गाडीतल्या रेडिओवरून, फोरमनला दर दहा मिनिटांनी वेळ सांगत होती आणि फोरमन दर दहा मिनिटांनी म्हणत होता, "मी काय करू बाई, साहेब बोलतायत."

तोवर ओतलेला थर घट्ट झाला. घट्ट मालावर नवा ओतला की दोन्ही एकजीव होत नाहीत. फळ्यांचं शटरिंग काढलं तेव्हा भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काळपट रेघ, जशी बाथटबला राहते तशी. आर्किटेक्टने वर्तमानपत्रात सांगितलं: काँक्रीटचा पुरवठा वेळेवर झाला नाही.

निम्म्या गावाने डोळ्यांनी बघितलेलं, म्हणून ते छापलेलं वाचून गाव हसलं. त्याच संध्याकाळी एक जण बारवर उशिरा आला. मी म्हणालो, "ये बाबा, व्हेल्मा-टाइमवर आलास." लोक टेबलं बडवायला लागले. व्हेल्माने बिअरच्या ग्लासाखालचा पुठ्ठा माझ्या डोक्यावर नेम धरून मारला आणि स्वतःही हसली. बारा वर्षं तो शब्द गावात चालला. आमच्याकडे ज्याच्यावर जीव असतो त्याचीच टिंगल करतात. नावडत्या माणसाशी आम्ही फार सभ्यपणे बोलतो.

पण संग्रहालयात पाऊल टाकायला ती तयार नव्हती. "ती रेघ मला बघायची नाही," एवढंच म्हणायची. मग यंदा तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने सांगितलं, रोज अर्धा तास चाला, पण सपाटीवर आणि वारा नको. गॅनेट हेडमध्ये वारा नसलेली सपाट जागा एकच, संग्रहालय. गावकऱ्यांना गुरुवारी फुकट असतं. मीच तिला घेऊन गेलो, मोठ्या उत्साहाने. माझं डोकं कुठे गहाण पडलं होतं कोण जाणे.

सुरुवात छान झाली. लांबलचक गुळगुळीत फरशी, काठी टेकत व्हेल्मा आणि शेजारी मी. पहिल्या दालनात सतरा जुने फ्रिज दारं उघडी टाकून ठेवले होते.

"यात कला कुठली?" व्हेल्मा म्हणाली.

"आत दिवे लागलेत बघ."

"दारं उघडी आहेत म्हणून लागलेत, मेल्या."

पुढे मोठा दगडी बाक होता. ती बसायला गेली तर रखवालदार धावत आला. बाक नव्हता, शिल्प होतं. ती म्हणाली, "मग त्याच्यावर लिहा तरी, बसू नये असं. खुबा नवा आहे माझा." तोही हसला. मग वळण आलं आणि समोर भिंत.

मीही ती भिंत व्हेल्माबरोबर पहिल्यांदाच नीट बघत होतो म्हणा ना. वरच्या फटीतून उजेड येतो आणि त्या उजेडात शटरिंगच्या फळ्यांची एकेक शीर काँक्रीटवर उमटलेली दिसते. व्हेल्मा जवळ गेली आणि रेघेवर तळहात ठेवला. "खालचा माल चांगला होता," ती म्हणाली. "वरचाही चांगला होता. बघ ना, एक बुडबुडा नाही."

तेवढ्यात क्रूझ जहाजावरची वीसेक मंडळी घेऊन एक गाइड आली. इमोजेन नाव तिचं, छातीवर लिहिलेलं होतं. गोड मुलगी. गोड आवाजात तिने सांगायला सुरुवात केली, "आणि ही आपल्या इमारतीतली सगळ्यांत लाडकी चूक! गावच्या प्लँटवर व्हेल्मा नावाच्या बाई होत्या. त्यांचे ट्रक नेहमी उशिरा यायचे. भिंतीच्या दिवशीही आले, आणि ही रेघ पडली. आर्किटेक्टने मोठ्या मनाने ती तशीच ठेवली. रेघेचं नावच आहे, व्हेल्मा-टाइम!"

मंडळी हसली. एकाने रेघेपाशी उभं राहून, मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत फोटो काढून घेतला. आणि मग मला पाटी दिसली. पितळेची. तिच्यावर मोठ्या अक्षरांत तेच नाव.

"अकरा वाजून सोळा मिनिटं," व्हेल्मा म्हणाली.

मी म्हटलं, "व्हेल्मा, चल, कॉफी घेऊ."

"मुली, इकडे ये. हे तुला कोणी सांगितलं?"

"गावातल्याच लोकांनी सांगितलंय," इमोजेन उत्साहाने म्हणाली. "आमच्याकडे त्यांच्या आवाजात आहे. हे बटण दाबा ना!"

व्हेल्माने दाबलं. आणि भिंतीतून माझा आवाज आला.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी गावातल्या आठवणी गोळा करत क्लबात आली होती. तिने मला दोन बिअर पाजल्या आणि विचारलं, ती रेघ कशी पडली? मला खरं माहीत होतं. पण खऱ्यात हशा नव्हता. भिंतीतला क्लाइव्ह खिदळत सांगत होता, "अहो, व्हेल्माचे ट्रक ना, लग्नाला निघाले तर बारशाला पोचतील!" जहाजवाले पुन्हा हसले. व्हेल्माने शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे न बघता ती दाराकडे चालू लागली, काठी न टेकता.

बाहेर पडायची वाट दुकानातून होती. ती तशीच काढतात, म्हणजे पाकीट उघडतं. तिथे मांडणीवर भांडी पुसायची फडकी, कॉफीचे मग, लहान मुलांचे टी-शर्ट. सगळ्यांवर एक काळी रेघ आणि 'मी व्हेल्मा-टाइमवर चालतो'. व्हेल्माने एक फडकं उचललं, घडी मोडली, बघितलं, नीट घडी घालून परत ठेवलं. मग तीच घडी पुन्हा मोडून पुन्हा घातली. तिला मी डेन्झिल गेला तेव्हाही असं पाहिलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर मी तोंड उघडलं, "अगं, गंमत होती. तू पण हसायचीस की."

"हसायची. क्लबात हसायची. तिथे प्रत्येकाला माहीत होतं की तू थापा मारतोयस. शिवाय प्रत्येकाच्या ढुंगणाखाली खरं काय ते लिहिलेलं होतं. इथे काय आहे? मी मरेन, तू मरशील, आणि ती पितळेची पाटी पुसत बसतील. एकतीस वर्षं, क्लाइव्ह! एक ट्रक दाखव. एक!"

"सॉरी म्हटलं ना."

"तू अजून म्हटलेलं नाहीस."

खरंच नव्हतं म्हटलं. म्हटलं. तिने खिडकीची काच वर केली.

तिला घरी सोडून मी परतलो. ढुंगणाखाली काय लिहिलंय, ते डोक्यात घोळत होतं. भिंतीच्या दिवशी फाटकावर थांबून थांबून माल घट्ट व्हायला लागलेला एक ट्रक तिने आमच्या क्लबामागे रिकामा करवला होता, तोच तो कट्टा. पण तीन वर्षांपूर्वी क्लबाच्या नव्या कमिटीने, सुधारणा म्हणून, कट्ट्यावर हिरवं प्लॅस्टिकचं गवत चिकटवलं. त्या कमिटीवर मीही होतो. आता बोला.

दुसऱ्या दिवशी व्हेल्मा संग्रहालयाच्या संचालिकेसमोर बसली. संचालिका ब्रॉनविन, सिडनीहून आलेली, बाई हुशार, चष्मा लाल. मी कोपऱ्यात, आरोपीसारखा.

"व्हेल्मा, गावाने तुम्हाला प्रेमाने दिलेलं नाव आहे ते," ब्रॉनविन म्हणाली. "लोकांना ती रेघ तुमच्यामुळे आपली वाटते."

"एवढं प्रेम असेल तर तुमचं नाव लावा. ब्रॉनविन-टाइम. फडक्यांवरसुद्धा."

"पण आर्किटेक्टचं म्हणणं लेखी आहे, आणि गावाचं यांच्याच आवाजात. तुमच्याकडे काही कागद?"

"कंपनी विकली तेव्हा चलानं कचऱ्यात गेली. फोरमन वारला. ड्रायव्हर खाणींवर पांगले."

"मग माझे हात बांधलेले आहेत. फार तर आपण 'परिस्थितीमुळे झालेला उशीर' असं लिहू."

"परिस्थिती?" व्हेल्मा उठून उभी राहिली. "मी तिथेच होते, मला कोणी परिस्थिती भेटली नाही. काळ्या शर्टातला एक माणूस मात्र होता, दर दहा मिनिटांनी केस नीट करणारा. दोन वाजून बावीस झालेत. तुमच्याकडे दहा मिनिटं आहेत? गाडी क्लाइव्ह चालवेल. तेवढं तरी सरळ येतं त्याला."

क्लबामागे मी गुडघ्यांवर बसलो आणि पापण्यांपर्यंत घाम येईस्तोवर ते प्लॅस्टिकचं गवत खरवडून काढलं. डिंक कसला, चुना झाला होता नुसता. व्हेल्मा काठीने दाखवत होती, "इथून नाही, पलीकडून. मेल्या, हळू, अक्षरं जातील." ब्रॉनविन पांढऱ्या बुटांत उभी. आणि मग कट्ट्याच्या टोकाला, शेवाळाच्या ठिपक्यांखाली, खिळ्याने ओढलेली अक्षरं दिसली. व्हेल्माच्या रीतीत फक्त तीन गोष्टी असायच्या. इथे पाच होत्या. तिने त्या दिवशी रागाने दोन जास्त खरडल्या होत्या.

*ट्रक ७. भरला ९.१०. फाटकावर ९.३५. टाकला ११.४०. साहेब बोलत होते.*

ब्रॉनविनने चष्मा काढला. दोनदा वाचलं. आणि तिचे डोळे चमकायला लागले. "हे विलक्षण आहे," ती म्हणाली. "हा कट्टा आम्हाला द्याल? कापून नेऊ, भिंतीसमोर ठेवू, मधोमध, वर दिवा..."

"बाई," व्हेल्मा म्हणाली, आणि पहिल्यांदा, माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच, तिचा आवाज चढला. "रेघ तुम्ही घेतलीत, माझं नाव घेतलंत, त्याची फडकी केलीत. आता बसायची जागाही नेणार? कट्ट्यावर लोक बसतात! तुमच्याकडे नेलात की रखवालदार धावत येईल. कट्टा इथेच राहील. पाटी उतरवा. फडकी उतरवा. आणि ह्याला," माझ्याकडे काठी, "ह्याला पुन्हा बोलायला लावा."

त्यांनी पाटी उतरवली. आर्किटेक्टला पत्र गेलं, त्याच्या ऑफिसचं उत्तर आलं, त्यात 'सहकार्य' हा शब्द सहा वेळा होता आणि बाकी काही नव्हतं. फडक्यांचे तीन खोके उरले होते. ते व्हेल्माने मागून घेतले आणि क्लबाच्या संडासात, जमीन पुसायला दिले. सगळे, मुलांचे टी-शर्टसुद्धा.

माझं बोलणं नव्याने घ्यायचं ठरलं तेव्हा ती माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसली. मी सुरुवात केली, "त्या दिवशी ऊन असं होतं की कोंबडीने उकडलेलंच अंडं..."

"परत," व्हेल्मा म्हणाली.

"त्या दिवशी आर्किटेक्टचे केस..."

"केस नकोत. परत."

अकरा वेळा. माझ्यासारख्या माणसाकडून विनोद काढून घेणं म्हणजे काय, ते बारवाल्यालाच कळेल. अकराव्या वेळी फक्त वेळा उरल्या, कोण थांबलं आणि कोणी थांबवलं एवढं उरलं, आणि शेवटी मी म्हणालो की आधी जे मी सांगितलं होतं ते खोटं होतं, हसवायला सांगितलं होतं. इमोजेनने यंत्र बंद केलं. कोणी हसलं नाही.

व्हेल्मा अजून दर गुरुवारी चालायला जाते. गाडी मीच चालवतो, कारण तिने मला सोडलेलं नाही आणि माफही केलेलं नाही. फ्रिजांपाशी ती दारं मोजते, दगडी बाकाला वळसा घालते आणि भिंतीपाशी येऊन बटण दाबते. मी दुकानाकडे सटकायला बघतो.

"थांब," ती म्हणते. "दीड मिनिटाचं आहे."

मी थांबतो. भिंतीतला क्लाइव्ह कोरड्या आवाजात वेळा सांगत जातो. गेल्या गुरुवारी ते संपल्यावर मी म्हटलं, "झालं समाधान?"

तिने आधी घड्याळ पाहिलं, मग मला, आणि पुन्हा बटण दाबलं.